जर्सी किनाऱ्यावरचे प्लॅस्टिकचे माड

आईनं झाडाच्या खोडाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. "अरे, प्लॅस्टिकचं आहे हे!"

रात्रीचे नऊ-साडेनऊ झाले असतील. न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाला, वाइल्डवुड क्रेस्ट नावाच्या गावात, मोटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी आम्ही उभे होतो. आईचं आजोळ गुहागरचं, म्हणजे माडाच्या बाबतीत तिला फसवणं तसं कठीण. पण पाटीच्या गुलाबी निऑन उजेडात ती फसली होती. मग तिचं लक्ष झावळ्यांच्या आवाजाकडे गेलं. खऱ्या झावळ्या वाऱ्यावर सळसळतात. ह्या खडखडत होत्या, पत्र्यावर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद वाजावा तशा.

"समोर एवढा समुद्र पडलाय. खरी झाडं लावायला काय झालं होतं ह्यांना?"

"अगं, इथे जानेवारीत बर्फ पडतो. माड जगणार कसा?"

"मग इथलं जे जगतं ते लावायचं. नसलेलं कशाला मिरवायचं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी पार्किंगच्या इमारतींची गणितं करतो, त्यामुळे सौंदर्याशी संबंध बेताचाच. मध्य जर्सीतल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे ह्या महामार्गानं दोन-अडीच तास गाडी हाणत आम्ही दर उन्हाळ्यात इथे यायचो, आणि ह्या रंगीबेरंगी मोटेलांना मी मनातल्या मनात 'भडक' म्हणून सोडून द्यायचो. आईच्या प्रश्नानंतर नीट बघायला लागलो, वाचायला लागलो. आता माझं मत असं आहे की ह्या भडकपणात एक डॉलरसुद्धा वाया घालवलेला नाही. अमेरिकेत ह्या शैलीला 'डू वॉप' म्हणतात. कळायला ती अजिबात अवघड नाही, फक्त इमारतीकडे बघण्याआधी मालकाच्या गल्ल्याकडे बघावं लागतं.

आधी गाव. फाइव्ह माइल बीच नावाच्या चिंचोळ्या बेटावर नॉर्थ वाइल्डवुड, वाइल्डवुड आणि वाइल्डवुड क्रेस्ट अशी गावं एकाला एक चिकटून आहेत. लोक सगळ्यांना मिळून 'द वाइल्डवुड्स' म्हणतात. इथे पहिल्यापासून यायची ती मुख्यतः फिलाडेल्फियाची कामकरी माणसं. पूर्वी ती रेल्वेनं यायची आणि लाकडी खानावळवजा घरांत उतरायची: पुढे ओटी, वर खोल्या, न्हाणीघर सामायिक. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. कारखान्यातल्या कामगाराकडे गाडी आली, भरपगारी सुट्टी आली, आणि १९५०च्या दशकाच्या मधोमध गार्डन स्टेट पार्कवे थेट केप मेपर्यंत पोचला. आता उत्तर जर्सीतला माणूसही बायकापोरांना गाडीत कोंबून दुपारपर्यंत समुद्रावर हजर होऊ लागला. त्या लाकडी घरांना एकच अडचण होती, गाडी लावायला जागा नव्हती.

'मोटेल' हा शब्दच गाडीतून जन्मलेला आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियात, सॅन लुइस ओबिस्पो इथे आर्थर हाइनमन नावाच्या वास्तुविशारदानं 'मोटर' आणि 'हॉटेल' जोडून तो केला. दोन्ही शब्द पूर्ण लिहायला पाटीवर जागा पुरेना, असं सांगतात. पुढची सगळी गोष्ट पाटीचीच आहे, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

आता १९५६-५७ साली वाइल्डवुड क्रेस्टमध्ये मोकळा प्लॉट घेतलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. शाळा सुटल्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत खरी गर्दी असते ती जेमतेम दहा आठवडे. सत्तर रात्री. त्या सत्तर रात्रींत कर्जाचा हप्ता, कर, डागडुजी आणि ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या तुमच्याच कुटुंबाचं वर्षभराचं पोट निघायला हवं. म्हणजे बांधकाम स्वस्त हवं. प्लॉटवर बसतील तेवढ्या खोल्या हव्यात. आणि रस्त्यानं पंचवीस-तीस मैलांच्या वेगानं जाणारा, मागच्या सीटवर दोन कंटाळलेली पोरं असलेला बाप तुमच्याच दारात थांबायला हवा. शेजारच्याच्या नाही, तुमच्या. हे सोपं नव्हतं, कारण त्या वीसेक वर्षांत ह्या बेटावर सुमारे ३०० मोटेलं उभी राहिली.

स्वस्त आणि भरपूर खोल्या, ह्या दोन अटींनी इमारतीचा सांगाडा ठरवला. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, सपाट छत, दोन किंवा तीन मजले, आणि आकार इंग्रजी एल किंवा यू अक्षरासारखा. प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या अंगानं उघडी गॅलरी आणि तिच्यावर ओळीनं उघडणारी दारं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाली, "ही तर आमची चाळच आहे की."

ती गिरगावात वाढली. आणि इंजिनिअर म्हणून सांगतो, तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मोठ्या हॉटेलात मधे बंद बोळ असतो आणि दोन्ही बाजूंना खोल्या. त्या बोळाला दिवसरात्र दिवे लागतात, हवा खेळवावी लागते, थंडीत ऊब द्यावी लागते, आणि भाडं तर त्याचं शून्य. गॅलरीला ह्यातलं काहीच लागत नाही. भिंत नाही, दिवा एखादा, वारा फुकट. खोलीला पुढून मोठी खिडकी मिळते. शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बसवली की पाण्याचे नळ एकाच भिंतीतून दोघांना पुरतात. ऑक्टोबरात मोटेल बंदच होणार, त्यामुळे खोल्या गरम ठेवायची यंत्रणा घालायलाच नको. नळांतलं पाणी काढून टाकायचं, कुलूप लावायचं, वसंतात परत यायचं.

चाळीतलं बाकीचंही सगळं इथे आहे. गॅलरीत दारासमोर प्रत्येकाच्या दोन खुर्च्या, कठड्यावर वाळत टाकलेले टॉवेल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी पोरं, आणि 'कुठून आलात' पासून 'मुलगी काय करते' पर्यंतच्या चौकश्या. तीन दिवसांत आईला अख्ख्या दुसऱ्या मजल्याची माहिती होती. फरक एवढाच की चाळीच्या मधल्या चौकाच्या जागी इथे पोहण्याचा तलाव असतो.

समुद्र शंभर पावलांवर असताना तलाव कशाला, हा प्रश्न पडायलाच हवा. पहिली गोष्ट म्हणजे समुद्र शंभर पावलांवर नाहीच. दक्षिणेकडे केप मेजवळच्या खाडीच्या तोंडाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी धक्के बांधले. किनाऱ्यानं वाहत येणारी वाळू त्यांच्यामागे अडायला लागली, आणि क्रेस्टची पुळण वर्षानुवर्षं रुंदच होत गेली. भर दुपारी तापलेल्या वाळूतून पोरं, छत्री आणि डबा घेऊन पाण्यापर्यंत चालणं हा व्यायाम आहे. आमचा एक मित्र त्याला पंढरीची वारी म्हणतो. पण मालकाच्या दृष्टीनं खरं कारण वेगळंच. तलाव बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या बाजूला असतो, हे बघा. मागे, निवांत जागी नसतो. गाडीतल्या पोरांना तो आधी दिसतो आणि मग बापाच्या हातात काही राहत नाही. रात्री तर पाण्याखालचे दिवे लावून अख्खा तलावच निळ्या पाटीसारखा उजळतो. मग साध्या चौकोनी तलावानं भागेना. कुणी मूत्रपिंडाच्या आकाराचा केला. नॉर्थ वाइल्डवुडच्या 'शातो ब्ल्यू' मोटेलनं १९६२ साली चक्क पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा केला.

इथून पुढे माझ्या धंद्यातला भाग येतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

ह्या मोटेलांच्या गॅलऱ्या आणि दर्शनी छपरं खालून खांब नसताना बाहेर झेपावलेली दिसतात. ह्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. घरच्या घरी करून बघा. टेबलाच्या कडेला फूटपट्टी ठेवा, तिचा तिसरा हिस्सा बाहेर येऊ द्या, आणि आतल्या भागावर जाडजूड शब्दकोश ठेवा. बाहेरच्या टोकावर बोटानं दाबलंत तरी पट्टी पडत नाही. शब्दकोशाचं काम इमारतीत खोलीचा आतला स्लॅब आणि त्याच्यावरच्या भिंतींचं वजन करतं, आणि गॅलरी म्हणजे त्याच स्लॅबचा बाहेर आलेला हिस्सा. पट्टी वाकते तेव्हा तिची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीटला दाब चालतो, ताण चालत नाही, म्हणून अशा छज्ज्यात लोखंडाच्या सळ्या वरच्या अंगाला घालाव्या लागतात. सवयीनं खालच्या अंगाला घातल्या तर छज्जा कधी ना कधी मान टाकतोच. आपल्याकडे हा अपघात नवीन नाही.

मालकाला ह्यातून काय मिळालं? खांब नाही म्हणून खाली गाडी लावताना अडथळा नाही, आणि खोलीच्या खिडकीतून तलाव आणि आकाश सलग दिसतं. शिवाय इमारत तरंगल्यासारखी वाटते. १९५७ सालच्या माणसाला तरंगणं म्हणजे भविष्यकाळ वाटत होता.

तसंच घडीच्या छपराचं. पोस्टकार्ड दोन टोकांवर आडवं ठेवलं तर मधे लोंबतं. त्यालाच लहान मुलं करतात तशा पंख्याच्या घड्या घाला, मग त्याच्यावर पेन ठेवलं तरी सरळ राहतं. कागद तोच, वजन तेच, पण घडीमुळे त्याला उंची आली आणि ताकद आली. नागमोडी दर्शनी छपरांमागे हे तत्त्व आहे. अर्थात मोटेलांवरच्या बऱ्याच घड्या ताकदीपेक्षा दिसण्यासाठीच असतात, हे कबूल केलं पाहिजे. ऑफिसच्या काचेच्या भिंती वर जाताना बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरसारख्या. टॉवरची काच कलती असते ती आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यावर येऊ नये म्हणून. मोटेलच्या ऑफिसला काही विमानं उतरवायची नव्हती, त्याला फक्त उभ्या जागी वेग दाखवायचा होता. त्याच वर्षांतल्या अमेरिकन गाड्यांना मागे पंख फुटले होते, ते तरी उडण्यासाठी थोडेच होते.

हा सगळा थाट इमारतीच्या नेमक्या कुठल्या भागांत आहे, ते फिरून बघितलं की गंमत कळते. पाटी, ऑफिस, तलाव, जिना, कठडा, कोपऱ्यावरचं छप्पर. थोडक्यात, चालत्या गाडीतून जेवढं दिसतं तेवढंच. बाकी खोल्या सगळ्या एका छापाच्या. मागच्या गल्लीतून बघितलं तर ओळखूही येणार नाही, एखादी सरकारी कचेरी वाटेल. डबा साधा आणि झाकण नक्षीचं.

हे झाकण जवळून बघायचं असेल तर क्रेस्टमधलं 'कॅरिबियन' मोटेल बघावं. १९५७ साली लू मोरी ह्या बिल्डरनं ते बांधलं. आडनाव मराठी कानाला विचित्र लागेल, पण इलाज नाही. एलच्या कुशीत चंद्रकोरीच्या आकाराचा तलाव. वरच्या मजल्याच्या गच्चीवरून तलावाकडे उतरणारा वळणदार उतार, तो असा बेतलाय की अधांतरी वाटावा. दुसऱ्या मजल्यावर जायला जिना होताच, हा उतार नसता तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण ओल्या अंगानं, पायात रबरी चपला घालून त्याच्यावरून खाली येणारा फिलाडेल्फियाचा गवंडी क्षणभर जहाजातून उतरल्यासारखा वाटत असणार. बसायच्या दिवाणखान्याला कलत्या काचा, छतात उडत्या तबकड्यांसारखे गोल दिवे. आणि अर्थातच प्लॅस्टिकचे माड.

लू आणि त्याचा भाऊ विल मोरी हे ह्या शैलीचे मोठे कारागीर. दोघेही बिल्डर, वास्तुकलेचे पदवीधर नव्हेत. हिवाळ्यात जर्सीचं काम थंडावलं की फ्लोरिडाकडे जायचं आणि तिथली हॉटेलं डोळ्यांत भरून घ्यायची. त्या काळी मायामी बीचवर मॉरिस लॅपिडस नावाच्या वास्तुविशारदानं धमाल उडवली होती. १९५४ सालचं 'फाउंटनब्लू', मोठ्या कमानीसारखं वाकलेलं, आणि त्याच्या शेजारी १९५५ सालचं 'ईडन रॉक'. हॉटेलांकडे वळण्याआधी ह्या लॅपिडसनं वीसेक वर्षं दुकानांची सजावट केली होती. रस्त्यावरच्या माणसाचं पाऊल दुकानात कसं वळवायचं, प्रकाश कुठे टाकायचा, भिंत कुठे वाकवायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या काळचे समीक्षक त्याच्यावर तुटून पडले. कारण आधुनिक वास्तुकलेचं सोवळं तेव्हा कडक होतं: सरळ रेषा, पांढरा रंग, अलंकार निषिद्ध. मोरी बंधूंनी ह्या आधुनिकतेचा डबा घेतला, कारण तो स्वस्त होता, आणि सोवळं सोडून दिलं.

मग नावं. रशियानं ऑक्टोबर १९५७मध्ये स्पुटनिक सोडला, आणि १९५८ साली क्रेस्टमध्ये 'सॅटेलाइट' मोटेल हजर. पुढे 'अ‍ॅस्ट्रोनॉट'ही आलं. १९५९ साली हवाई बेटं अमेरिकेचं राज्य झाली, युद्धात प्रशांत महासागरावर लढून आलेले सैनिक तिथल्या गोष्टी सांगतच होते, तेव्हा 'वायकीकी' आणि 'कोना काई' आली. 'सिंगापूर'वर पॅगोडाची छपरं चढली. 'जॉली रॉजर'वर समुद्री चाचा उभा राहिला. ही परदेशाची नक्कल फार वरवरची आहे, आणि ते हसरे टिकी मुखवटे, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या मूर्तींच्या नकला, मला आजही खटकतात. कुणाचे तरी देव आहेत ते, पाहुण्यांच्या स्वागताला उभे केलेले. पण फिरता फिरता एका पाटीपाशी आई थबकली: 'शालिमार'. जर्सीच्या वाळूत काश्मीरची मुघल बाग! मालकाच्या डोक्यात जहांगीर होता की १९२५ सालचं त्याच नावाचं फ्रेंच अत्तर, देव जाणे. मी अत्तरावर पैज लावीन.

आणि इथे मला आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इथलं जे आहे, म्हणजे वाळू, पाणी, खारा वारा आणि समुद्रपक्षी, ते किनाऱ्यावरच्या सगळ्याच गावांत आहे. त्याला कोण वेगळे पैसे देणार? विकायचं तर नसलेलंच विकावं लागतं. त्या वेळी विमानानं हवाईला जाणं ही श्रीमंतांची चैन होती. पोलाद कारखान्यातल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं, पण टाकीभर पेट्रोल परवडत होतं. त्याला मालक सांगत होता, बाबा रे, पार्कवेच्या शेवटाशी हवाई आहे. दोघांनाही ठाऊक होतं की माड प्लॅस्टिकचा आहे. जत्रेतल्या पडद्यापुढे ताजमहालासमोरचा फोटो काढून घेताना कुणाची फसवणूक होत नाही, तसंच हे.

निऑनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण रात्री ह्या गावात इमारती दिसेनाशा होतात आणि फक्त अक्षरं उरतात. निऑनची पाटी हातानं बनते. काचेची पोकळ नळी आगीच्या झोतावर मऊ करायची आणि कागदावर काढलेल्या अक्षराबरहुकूम वाकवायची. काच गार व्हायला लागली की संपलं, त्यामुळे कारागिराला जेमतेम काही सेकंद मिळतात. मग दोन्ही टोकांना विजेची अग्रं बसवून आतली हवा ओढून काढायची, अगदी थोडा वायू भरायचा आणि नळी कायमची बंद करायची. हजारो व्होल्टचा दाब दिला की वायू पेटल्यासारखा उजळतो. खरा निऑन फक्त लाल-केशरी जळतो. निळा हवा असेल तर आर्गन वायू आणि पाऱ्याचा थेंब. नळीला आतून वेगवेगळ्या पावडरींचा लेप दिला की हिरवा, गुलाबी, पिवळा असे बाकीचे रंग मिळतात. जवळ उभं राहिलं तर बारीक गुणगुण ऐकू येते, ती ट्रान्सफॉर्मरची. बहुतेक मोटेलांची नावं शाळेतल्या वळणदार अक्षरांत लिहिलेली दिसतात. देखणी दिसतातच, शिवाय अक्षरं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एकच नळी लांबवर न तोडता वळवता येते. खारा वारा मात्र ह्या पाट्यांचा शत्रू. काच टिकते, पण तिचे खिळे, पत्रे आणि तारा गंजतात. आम्ही उतरलो होतो त्या मोटेलच्या नावातलं मधलं अक्षर मेलेलं होतं, आणि तीन दिवस आमच्या धाकटीनं ते नाव तसंच, अक्षर गाळून वाचलं.

गंमत म्हणजे हे बांधणाऱ्यांनी 'डू वॉप' हा शब्द कधीच वापरला नाही. त्यांच्या लेखी ती फक्त मोटेलं होती. डू वॉप ही १९५०च्या दशकातली गाण्याची तऱ्हा: पुढे एकजण गाणार, मागे तिघं-चौघं 'डू वॉप, डू वॉप' असे निरर्थक बोल धरून साथ करणार. इमारतींना हे नाव चिकटलं १९९०च्या दशकात. लॉस एंजेलिसकडे ह्याच जातीच्या वास्तुकलेला 'गूगी' म्हणतात. जॉन लॉटनरनं १९४९ साली बांधलेल्या त्या नावाच्या कॉफी शॉपवरून डग्लस हॅस्केल ह्या समीक्षकानं १९५२मध्ये ते नाव दिलं, तेही थट्टेनं. लॅपिडसच्या मायामीच्या धाटणीला 'मायमो' म्हणतात. ही सगळी चुलत-मावस भावंडं. मुंबईकर वाचकाला मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती आठवतील, पण ती आधीची पिढी. त्यांच्या गोलाईत जहाज आणि आगगाडी आहे, इथल्या तिरकस रेषांत रॉकेट.

ह्या मोटेलांकडे विद्वानांचं लक्ष वळवलं ते स्टीव्हन आयझेनूरनं. फिलाडेल्फियाचा हा वास्तुविशारद रॉबर्ट वेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन ह्यांचा सहकारी. लास वेगसच्या झगमगत्या पाट्यांचा गंभीरपणे अभ्यास केला पाहिजे, असं ह्या तिघांनी १९७२ साली म्हणून वास्तुकलेच्या जगात खळबळ उडवली होती. १९९७ साली आयझेनूर येल, पेनसिल्व्हेनिया आणि केंट स्टेट विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना घेऊन वाइल्डवुडला आला, आणि त्याच सुमारास मोरी घराण्याच्या पुढच्या पिढीच्या पुढाकारानं मोटेलं जपण्यासाठी 'डू वॉप प्रिझर्वेशन लीग' ही संस्था उभी राहिली. ह्या मंडळींनी मोटेलांचे प्रकार पाडले, त्यांची नावंही मोटेलांना शोभतील अशीच. वेगाचा आव आणणारी ती 'व्हरूम', हवाई थाटाची ती 'पू-पू प्लॅटर', पॅगोडावाली ती 'चायनाटाउन रिव्हायव्हल', आणि विटांचा मुलामा देऊन जुन्या वसाहतकाळाचा आव आणणारी ती 'फोनी कोलोनी'. संशोधनाला इतकं हसतमुख बघण्याची सवय नसते आपल्याला.

तोवर उशीर होत आला होता. २००० नंतर जर्सी किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव उसळले. मालक म्हातारे झालेले, मुलं वकील-डॉक्टर होऊन लांब गेलेली, आणि समोर बिल्डर चेक घेऊन उभा. सत्तर रात्रींचं उत्पन्न एकीकडे, त्याच प्लॉटवर फ्लॅट बांधून विकल्याचे पैसे दुसरीकडे. मी मालक असतो तर मीही सही केली असती. थोड्याच वर्षांत शंभराच्या घरात मोटेलं जमीनदोस्त झाली, 'सॅटेलाइट'सुद्धा. २००६ साली 'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन'नं ह्या मोटेलांचा समावेश देशातल्या सर्वात धोक्यात असलेल्या ११ वारसास्थळांच्या यादीत केला. हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे इथेही रिडेव्हलपमेंट." तिच्या चाळीच्या जागी आता बावीस मजले आहेत.

'शातो ब्ल्यू' २००४ साली आणि 'कॅरिबियन' २००५ साली राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेली. साधारण ५० वर्षं पुरी झाल्याशिवाय ह्या नोंदवहीत वास्तू घेत नाहीत, तेव्हा बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या मोटेलांना मिळालेला हा मान मोठाच. पण एक गैरसमज दूर करतो: ह्या नोंदीमुळे खाजगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. स्वतःच्या पैशानं पाडायची म्हटलं तर तो इमारत पाडू शकतो. राखायची इच्छाच असावी लागते. काही ठिकाणी ती वेगळ्याच रूपात दिसते. 'स्टारलक्स' हे मोटेल २००० साली जुन्या सांगाड्यावर इतक्या हौसेनं नव्यानं सजवलं की ते खऱ्या पन्नाशीच्या दशकापेक्षाही जास्त पन्नाशीतलं दिसतं. गावात शिरताना लागणारं वावा, म्हणजे कॉफी आणि किरकोळ सामान विकणाऱ्या साखळीतलं दुकान, तेसुद्धा ह्याच थाटात बांधलंय. आयुष्यभर वावात फक्त कॉफी घ्यायला थांबलेल्या जर्सीकरांनी एकदा तिथलं छप्पर बघावं.

पाडलेल्या मोटेलांच्या जुन्या पाट्या आणि एक वाचवलेलं जुनं उपाहारगृह मिळून छोटं संग्रहालयही केलंय. पण खरं सांगू, ही शैली संग्रहालयात बघायची नव्हेच. संध्याकाळी आठच्या सुमाराला, दिवे लागताना, ओशन अ‍ॅव्हेन्यूवरून गाडी हळू चालवत बघायची. शक्य असेल तर मागच्या सीटवर बसून.

मागच्या ऑक्टोबरात कामानिमित्त तिकडे गेलो होतो. गाव मिटलेलं होतं. सिग्नल पिवळे लुकलुकत होते, तलावांवर ताडपत्री, गॅलरीतल्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीनं बांधलेल्या. आम्ही उतरलो होतो त्या मोटेलसमोर गाडी थांबवली. माडांची नुसती खोडं उभी होती. झावळ्या काढून जिन्याखाली रचून ठेवल्या होत्या, वर निळी दोरी. फोटो काढून आईला पाठवला.

तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "धुऊन ठेवल्यात का विचार. मीठ बसलं असेल."